हानलेची धूळ आणि अर्धवट विरघळलेला रिपोर्ट

लडाखमधल्या हानलेहून, म्हणजे साधारण ४,३०० मीटर उंचीवरून, हवेतली धूळ गोळा केलेले चौदा फिल्टर मी मूलद्रव्यं मोजायला एका खासगी प्रयोगशाळेत दिले होते. पाचपैकी साडेतीन तारे देतेय. पहिल्या रिपोर्टनंतर लिहायला बसले असते तर एकावर भागवलं असतं.

त्या रिपोर्टात ॲल्युमिनियम इतकं कमी, की शिसं काय, तांबं काय, सगळंच कारखान्याच्या धुराड्यातून आल्यासारखं दिसत होतं. आमचा सगळा हिशेब ॲल्युमिनियमवर उभा असतो. पृथ्वीच्या वरच्या कवचात ते वजनाने सुमारे ८ टक्के. त्याच्या तुलनेत एखादं मूलद्रव्य धुळीत कवचाइतकंच भरलं, तर ती माती. दहापटीच्या वर गेलं, तर दुसरीकडे शोधायचं. भाजकच चुकला तर पुढचं सगळं मुसळ केरात.

फोन केला. नमुने नुसत्या नायट्रिक ॲसिडात उकळले होते! त्यात कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, विरघळतं, पण ज्यात ॲल्युमिनियम असतं त्या फेल्डस्पारचे, म्हणजे सिलिकेट खनिजाचे, कण बरेचसे तळाशी तसेच राहतात. सिलिकेट फोडायला हायड्रोफ्लोरिक ॲसिडच लागतं, आणि फॉर्मवर मी ते लाल पेनाने लिहिलं होतं. "मॅडम, ते आम्ही सहसा टाळतो." जिवाला घातक ॲसिड आहे, मान्य. पण मग नमुने घेतानाच सांगायचं ना!

नशीब, फिल्टर सेल्युलोजचे होते (काचतंतूंचे असते तर हायड्रोफ्लोरिकने तेच विरघळले असते) आणि अर्धे कापून मी जपून ठेवले होते. ते त्यांनी एक पैसा न घेता नऊ दिवसांत करून दिले. ॲल्युमिनियम ताळ्यावर आलं, तांबं मातीच्या खात्यात गेलं, शिसं मात्र चढंच राहिलं. सिलिकॉनचा रकाना रिकामा ठेवला होता, ते बरोबरच. हायड्रोफ्लोरिक ॲसिडात ते वायू होऊन उडून जातं.

आकडे फक्त 'प्रति फिल्टर' मिळतात. घनमीटरचं गणित आपलं आपण करायचं, आणि हानलेला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो, हे धरून.

अर्धा तारा तिथल्या केमिस्टताईंचा. त्यांनी आपणहून फोन केला: "पंप न चालवता आणलेल्या कोऱ्या फिल्टरवर जस्त आणि टायटॅनियम कुठून?" मी दोन मिनिटं गप्प. हानलेच्या उन्हात नाकाला थापलेलं सनस्क्रीन मी हातमोज्यानेच सारखं करत होते.