पुरात बुडालेला कॅमेरा मला 'स्टुडिओ बंद करतोय' म्हणून विकला गेला

सेकंड हँड कॅमेरा घेताना शटर काउंट (कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा) बघा, लेन्सला टॉर्च मारून फंगस (काचेवरची बुरशी) बघा, बिल मागा, हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. विकणाऱ्यालाही ते तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच हे लिहितोय. मी चिपळूणला लग्नाची फोटोग्राफी करतो, रोलच्या काळापासून. ज्याने मला फसवलं त्याला अनुभवी माणूस काय काय तपासतो ते पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक तपासणीचं उत्तर तो तयार ठेवूनच बसला होता. नवशिक्यांसाठी सूचना खूप लिहिल्या जातात. हे मी मुख्यतः वीस-पंचवीस वर्षं धंद्यात असलेल्यांसाठी लिहितोय.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझं दुकान पूर्ण पाण्याखाली गेलं. आमच्याकडे २००५ च्या पुराची खूण लोकांनी भिंतीवर जपून ठेवली होती. कॅमेऱ्याचं कपाट मी त्या खुणेच्या वर बसवून घेतलं होतं. या वेळी पाणी ती खूण ओलांडून गेलं. दोन बॉड्या (लेन्सशिवायचे कॅमेरे), पाच लेन्स, फ्लॅश, अल्बमचा कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क, सगळं गाळात. विम्याचे पैसे घसारा वजा होऊन आले. त्याआधी करोनामुळे लग्नाचे दोन हंगाम बुडालेलेच होते. तुळशीच्या लग्नानंतर पुढचा हंगाम सुरू होणार आणि त्याआधी किट उभं करायचं, असा हिशेब होता. नवं घेण्याएवढा पैसा नव्हता. पण त्याच सुमारास बरेच जण डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) सोडून मिररलेसकडे, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे, वळत होते, त्यामुळे जुन्या बाजारात चांगला माल भरपूर होता. म्हणजे निर्णय चुकीचा नव्हता, आजही त्या परिस्थितीत मी सेकंड हँडच घेईन.

मला हवी होती निकॉनची डी७५०. २०१४ चं मॉडेल, चोवीस मेगापिक्सेल, दोन कार्ड स्लॉट, मांडवातल्या कमी उजेडात उत्तम. जाहिरात पुण्याची होती: डी७५०, २४-७० एफ २.८ आणि ७०-२०० एफ २.८ व्हीआर टू या दोन लेन्स, आणि दोन एसबी-९१० फ्लॅश. एकूण एक लाख पंच्याण्णव हजार. हा आकडा बाजारभावापेक्षा थोडाच कमी होता. फार स्वस्त असतं तर मी फोनच केला नसता, आणि हे त्यालाही माहीत असणार.

माणूस चाळिशीचा, बोलायला नम्र. 'दादा, आखातात नोकरी लागलीय, स्टुडिओ बंद करतोय' म्हणाला. भेटायला स्टुडिओतच बोलावलं. भिंतीवर वधू-वरांचे मोठे प्रिंट, कोपऱ्यात सॉफ्टबॉक्स, टेबलावर व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा. हा स्टुडिओ तासावर भाड्याने मिळणारा होता, हे मला पुढे चार महिन्यांनी कळलं. भिंतीवरचे प्रिंट दुसऱ्याच कुणाचे.

मी टेस्ट शॉट काढला आणि फाइल लॅपटॉपवर घेतली. निकॉन फाइलमध्ये शटर काउंट लिहितं, कॅननसारखं लपवत नाही. काउंट आला एकतीस हजारांच्या आसपास. या मॉडेलचं शटर दीड लाखापर्यंत तपासलेलं असतं, त्यामुळे आकडा उत्तम होता. पण लग्नाच्या स्टुडिओतली बॉडी आणि एवढा कमी काउंट? मी विचारलंच. तो लगेच म्हणाला, 'शटर कंपनीने बदलून दिलंय दादा. डी७५० चा तो प्रॉब्लेम होता ना.'

खरोखरच होता. २०१५ मध्ये निकॉनने डी७५० च्या शटरबद्दल सूचना काढली होती आणि ठरावीक सिरीयल नंबरच्या बॉड्यांची फुकट दुरुस्ती करून दिली होती. त्याआधी फ्लेअरच्याही (समोरच्या उजेडाची झाक फोटोत येण्याच्या) तक्रारी आल्या होत्या आणि तपासून झालेल्या बॉडीच्या ट्रायपॉडच्या भोकात काळा ठिपका असायचा. हे नवीन माणसाला माहीत नसतं. मला होतं, म्हणूनच उत्तर पटलं. या माणसाची हुशारी यातच आहे: खऱ्या घटनेवर बेतलेलं खोटं तो फक्त जाणकाराला सांगतो.

लेन्स टॉर्चवर पाहिल्या. ॲपर्चर (उजेड आत येण्याचं लेन्समधलं भोक) पूर्ण उघडून, मागून उजेड टाकून. फंगसचं जाळं कुठेच नाही, धूळसुद्धा नावाला. बिलाची झेरॉक्स त्याने स्वतःहून दिली, आधार कार्डाचीही. पैसे मात्र निम्मे रोख हवे होते. उरलेले यूपीआयने पाठवताना स्क्रीनवर वेगळंच नाव आलं. 'मेहुण्याचं खातं आहे, माझं एनआरआय होतंय.' यालाही उत्तर तयार.

पहिला दीड महिना कॅमेरा व्यवस्थित चालला. मग एका हळदीत वरच्या छोट्या स्क्रीनवर 'एरर' लुकलुकायला लागला. बॅटरी काढून घातली की सुरू, दहा फोटो झाले की पुन्हा तेच. लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं चालू असताना बॉडी मेली. सोबत भाड्याची दुसरी बॉडी होती, म्हणून त्या घरच्यांचे फोटो वाचले. ज्यांच्याकडे तशी सोय नसते त्यांचं काय होतं, ते या धंद्यातल्याला सांगायला नको.

बॉडी घेऊन मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. तिथल्या कारागिराने खालची प्लेट काढली आणि बोट ठेवून म्हणाला, 'भाऊ, हा पाण्यातला माल आहे.' भिंगाखाली पाहिलं. स्क्रूंच्या आट्यांमध्ये करड्या रंगाची बारीक पूड बसलेली होती. तो गाळ होता. आम्ही चिपळूणकरांनी तो घरातून फावड्याने काढलाय, ओळखायला वेळ लागला नाही. रिबन केबलच्या कनेक्टरवर हिरवट थर. रबर ग्रिप उचकटून पुन्हा चिकटवलेली, कडेला गोंदाचे पिवळे थेंब. शटरच्या पात्यांवर घासल्याच्या चकाकत्या रेघा. कारागिराच्या मते ते शटर कधीच बदललेलं नव्हतं, आणि एकतीस हजारांवर तर मुळीच थांबलेलं नव्हतं.

मग काउंट कमी कसा? मेन बोर्ड दुसऱ्याच कॅमेऱ्याचा होता. काउंट बोर्डाबरोबर येतो, शटरबरोबर नाही. बॉडीवर छापलेला सिरीयल नंबर आणि फोटोच्या फाइलमध्ये लिहिला जाणारा सिरीयल नंबर एकमेकांशी जुळत नव्हते. शटर काउंट सगळे बघतात. त्याच फाइलमध्ये चार ओळी वर-खाली असलेला सिरीयल नंबर बॉडीशी जुळवून बघा, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. फुकट आहे, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आजपासून प्रत्येकाने हे केलंच पाहिजे.

पाण्यातला माल कसा तयार होतो तेही समजून घ्या. पुरानंतर मेलेल्या बॉड्या 'पार्टसाठी' म्हणून वजनावर घेणारे लोक गावोगाव फिरतात. २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर फिरले, २०२१ ला आमच्याकडे फिरले. तीन मेलेल्या कॅमेऱ्यांतून एक चालणारा जुळवतात. सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतात, वाळवतात, आणि तो चालू होतो. पण चिपच्या पोटाखाली पुराच्या पाण्यातले क्षार तसेच राहतात. दमट हवा लागली आणि करंट फिरायला लागला की गंज पुन्हा सुरू होतो. म्हणून असा कॅमेरा दुकानात चालतो, घरी चालतो आणि महिना-दोन महिन्यांनी मरतो. कोकणच्या हवेत त्याहूनही लवकर. तोपर्यंत विकणाऱ्याचा फोन बंद झालेला असतो.

लेन्सची गत वेगळी होती. टॉर्चवर काच स्वच्छ दिसली कारण फंगस पुसून काढलेला होता. फंगस पुसता येतो, पण त्याने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. २४-७० वर समोरून मांडवाचा लाइट आला की सगळा फोटो दुधाळ व्हायचा. शिवाय काच काढून परत बसवताना ती किंचित तिरकी बसली होती. एफ २.८ ला, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं असताना, डावीकडचे नातेवाईक स्पष्ट आणि उजवीकडचे पुसट. हे दोन्ही दोष टॉर्चला सापडत नाहीत. ते सापडतात असे: लेन्स उघड्या ॲपर्चरवर ठेवून सपाट भिंतीचा सरळ समोरून फोटो काढायचा आणि चारही कोपरे मोठे करून बघायचे. आमच्याकडे चिऱ्याची भिंत कुठेही मिळते, ती यासाठी फार उपयोगी. मग एक फोटो फ्रेमच्या कडेला उघडा दिवा ठेवून. माउंटजवळच्या (लेन्स बॉडीला बसते तिथल्या) स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर लेन्स उघडली गेलीय, एवढं नक्की समजा.

तक्रारीची तयारी करताना बिलाची झेरॉक्स माझ्या हिशेबनिसांच्या हातात पडली. त्यांनी दोन मिनिटांत कागद खाली ठेवला. बिलावर तारीख मार्च २०१६ ची, आणि खाली पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी नंबर, सीजीएसटी-एसजीएसटी वेगळे दाखवलेले. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. २०१६ च्या बिलावर व्हॅटचा, म्हणजे त्याआधीच्या विक्रीकराचा, टिन नंबर हवा होता. कागद पिवळा केलेला, घडीवर फाटलेला, शाईसुद्धा फिकी. एवढी मेहनत घेऊन बनवलेलं बिल एका तारखेवर उघडं पडलं. जुनं बिल हातात आलं की आधी तारीख आणि कर एकमेकांशी जुळतात का ते बघा.

आधार कार्ड खरं होतं की नाही, हेही झेरॉक्सवरून कळत नाही. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन केला तर त्यात भरलेलं नाव आणि फोटो समोर येतो, आणि कार्डावरचा फोटो बदललेला असेल तर तिथेच सापडतो. मूळ कार्ड मागा, समोर स्कॅन करा. खरा विकणारा याला रागावत नाही. माझ्याकडच्या झेरॉक्सवर तो कोड मुद्दाम काळपट छापलेला होता.

पोलिसांत तक्रार दिली. फसवणुकीचं कलम तेव्हा भारतीय दंड संहितेचं ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलं. पैसे परत आलेले नाहीत. रोख दिलेल्या निम्म्या रकमेचा तर पुरावाच नाही, आणि रोखीचा आग्रह त्यासाठीच असतो. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते. माझ्यासारखी फसवणूक दोन महिन्यांनी उघडकीला येते, तोवर खात्यात काही उरत नाही.

आता मी कसं घेतो ते सांगतो. रिपेअर करणाऱ्या कारागिराला त्याची मजुरी देऊन सोबत नेतो. त्याच्या दुकानात व्यवहार झाला तर आणखी चांगलं. खालची प्लेट उघडून दाखवा, ही माझी पहिली अट असते आणि ती फोनवरच सांगतो. बरेच जण तिथेच गळतात. एचडीएमआय, माइक आणि यूएसबीच्या भोकांत टॉर्च मारतो, कारण रबरी झाकणांखाली ओल अडकते आणि हिरवं तिथे आधी दिसतं. हॉट शूच्या (बॉडीवर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) पट्ट्या आणि बॅटरीच्या खाचेतले संपर्क बघतो. फ्लॅश लावून टीटीएलवर (फ्लॅशचा उजेड कॅमेराच ठरवतो त्या मोडवर) सलग फायर करतो. वीस मिनिटं व्हिडिओ चालू ठेवतो, म्हणजे बॉडी गरम होते, आणि धुतलेला बोर्ड गरम झाल्यावर कुरकुरण्याची शक्यता जास्त. पूर्ण रक्कम बँकेतून, विकणाऱ्याच्याच नावाच्या खात्यावर. हे सगळं करायला दोन तास लागतात. ज्याला दोन तास नाहीत त्याचा माल मला नको.

भाड्याने नेऊन परत न केलेले कॅमेरेही याच बाजारात फिरतात. तसा माल आपल्याकडे सापडला तर कॅमेरा जातोच, वर चौकशीला आपणच उभे राहतो. म्हणून व्यवहाराआधी बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सिरीयल नंबर आपल्या भागातल्या रेंटलवाल्यांच्या आणि फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपवर टाकून एक रात्र थांबा. मोबाइलसारखी सरकारी नोंद कॅमेऱ्यांची नसते, आपली नोंद म्हणजे आपणच.

आणि ज्यांचे कॅमेरे पुरात गेलेत किंवा पुढे जातील, त्यांना हात जोडून सांगतो. मेलेली बॉडी वजनावर देऊ नका. हजार-पाचशे मिळतात, पण तीच बॉडी धुऊन आपल्यातल्याच कुणाच्या गळ्यात मारली जाते. द्यायचीच असेल तर ओळखीच्या कारागिराला द्या, सिरीयल नंबरचं लेबल खरवडून आणि मेन बोर्ड मोडून. विमा कंपनीने पंचनामा करून बॉडी तुमच्याकडेच ठेवली असेल तर क्लेम पूर्ण मिटेपर्यंत थांबा आणि मग मोडा.