वेशभूषा दिन की वर्गावर्गांतली व्हिडिओ भेट?

‘जग ओळखू या’ म्हणत होणारा वेशभूषा दिन सोपा असतो. किमोनो भाड्याने आणा, झेंडे रंगवा, फोटो काढा. पण किमोनो जपानमध्येही आता बहुतेकदा सणासमारंभालाच घालतात. भाड्याचा भुर्दंड पालकांना, तो वेगळाच.

दुसरा मार्ग म्हणजे तिथल्या वर्गाला व्हिडिओवर भेटणं. परितेवाडीच्या (जि. सोलापूर) जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले, २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइजचे मानकरी, यांनी देशोदेशीची मुलं अशीच ऑनलाइन जोडली. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे आपल्या सकाळी दहाला तिथे दुपारचा दीड. शाळा भरलेलीच असते. अमेरिकेत तेव्हा रात्र. इंग्रजी दोन्हीकडे तोकडं, म्हणून तिसरी-चौथीला बोलण्यापेक्षा दाखवणं बरं: आपली खिचडीची पंगत, तिकडे मुलांनीच वाढलेलं जेवण, मुलांनीच झाडलेला वर्ग. मग ‘आपण का नाही झाडत?’ हा प्रश्न येतोच, आणि बाईंना उत्तर द्यावं लागतं!

नेट दगा देतं, त्यामुळे चित्रं आधीच पाठवून ठेवावीत. माझं मत व्हिडिओ भेटीला. पहिली-दुसरीला मात्र वेशभूषा चालेल, पण घरातल्या ओढण्या-चादरींची.