कोरड्या डोळ्यांसाठी सीएमसी 0.5 टक्के ड्रॉप्स: औषध चांगलं, पण लेबल वाचूनच घ्या

दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांच्या टेबलावर हल्ली आय ड्रॉप्सची छोटी बाटली हमखास दिसते. तिच्यात बहुतेक वेळा एकच घटक असतो: कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज, म्हणजे सीएमसी, 0.5 टक्के, 10 मिली. रिफ्रेश टियर्स हे त्यातलं ओळखीचं नाव. जनऔषधी केंद्रातही हाच घटक याच प्रमाणात मिळतो.

स्क्रीनकडे बघताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते, अश्रूंचा थर सुकतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. अशा कोरडेपणावर हे औषध नीट काम करतं. थेंब पातळ असल्यामुळे काही क्षणच अंधुक दिसतं. 1 टक्क्याचं जाड औषध जास्त वेळ टिकतं, पण नजर धूसर करतं, म्हणून ते झोपताना घालावं.

खरा फरक घटकापेक्षा प्रिझर्व्हेटिव्हमध्ये, म्हणजे औषध खराब होऊ नये म्हणून घातलेल्या पदार्थात आहे. स्वस्त-महाग बघण्याआधी लेबलवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलंय का ते पाहा. ते जंतू मारतं, पण साबणासारखं वागून अश्रूंचा तेलकट थरही फोडतं आणि कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या, पेशींना त्रास देतं. दिवसातून एकदोनदा थेंब घालणाऱ्याला सहसा काही होत नाही. चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर मात्र औषधच कोरडेपणा वाढवू शकतं. रिफ्रेश टियर्समध्ये त्याऐवजी स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स असतं, ते डोळ्याला तुलनेने सौम्य. वरचेवर लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच ड्रॉप्स मागा. त्यांच्या एकदाच वापरायच्या कुप्या महाग पडतात. असेच ड्रॉप्स जंतू आत जाऊ न देणाऱ्या फिल्टरच्या बाटल्यांतही मिळतात, पण त्या दाबायला कडक असतात, त्यामुळे संधिवाताच्या हातांना जड जातात.

आता बाटलीबद्दलची तक्रार. बऱ्याच भारतीय ड्रॉप्सच्या टोपणात आतून टोकदार खिळा असतो. टोपण पूर्ण घट्ट फिरवलं की नोझलला भोक पडतं. पण ही सूचना इतकी बारीक छापतात की लोक सरळ टाचणी खुपसतात. भोक मोठं होतं, थेंबही मोठा पडतो, बाटली लवकर संपते आणि टाचणीवरचे जंतू आत जातात ते वेगळंच.

घालायची पद्धत: हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी ओढून खळगा करा आणि नोझल कुठेही न टेकवता एकच थेंब सोडा. डोळ्यात जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं आणि एक थेंबच 40 ते 50 मायक्रोलिटरचा असतो, त्यामुळे दुसरा थेंब गालावरच जातो. मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. डोळ्यात घालायचं दुसरं औषध चालू असेल तर ते आधी, पाच मिनिटं थांबून हे. कॉन्टॅक्ट लेन्स काढून थेंब घालावेत आणि पंधरा मिनिटांनी लेन्स परत लावाव्यात. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा आणि महिन्यानंतर उरलेलं औषध टाकून द्या. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चार वेळा घातलं तर बाटली तशीही महिनाभरच पुरते.

सगळ्यांनाच याने बरं वाटेल असं नाही. सकाळी उठल्यावर त्रास जास्त आणि पापण्यांच्या कडा तेलकट, लालसर असतील तर तेलग्रंथी तुंबलेल्या असण्याची शक्यता जास्त. त्यावर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कपड्याने पाच ते दहा मिनिटं शेक आणि पापण्यांना हलका मसाज हाच मुख्य उपाय, ड्रॉप्स त्याच्या जोडीला. प्रचंड खाज असेल तर बहुधा अ‍ॅलर्जी. सतत पाणी येत असेल तर मात्र हे ड्रॉप्स बाद ठरवू नका, कोरड्या डोळ्यालाही पाणी सुटतं. गुलाबपाणी आणि मध यांच्या वाटेला तर जाऊच नका, ते निर्जंतुक नसतात.

डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर कमी झालीय किंवा दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, यापैकी काहीही असेल तर ड्रॉप्सवर वेळ न घालवता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

आणि दुकानदाराने "याने लवकर फरक पडेल" म्हणत दुसरीच बाटली पुढे केली तर घटक वाचा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन दिसलं की परत करा. ही स्टेरॉइड्स आहेत. लाली दोन दिवसांत उतरते, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो.