थेट मालक, डीलर की ‘सर्टिफाइड’? वापरलेल्या गाडीची सर्व्हिस हिस्ट्री कुठे किती पडताळता येते

समजा दोन गाड्या समोर आहेत. एक नव्वद हजार किलोमीटर चाललेली, पण दरवर्षीच्या सर्व्हिसची नोंद असलेली. दुसरीचा मीटर चाळीस हजार दाखवतो, पण शेवटच्या चार वर्षांत ती कुठल्या गॅरेजला गेली याचा पत्ता नाही. किंमत सारखी असेल तर मी पहिली घेईन. आणि दुसरी पन्नास हजारांनी स्वस्त असली, तरीही पहिलीच घेईन.

खोट्या सर्व्हिस हिस्ट्रीने आपण थोडे जास्त पैसे मोजतो, एवढ्यावर हे प्रकरण थांबत नाही. डिझेल डस्टरसारख्या गाडीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा, असतो आणि तो ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांनी बदलायचा असतो. मीटर मागे घेतलेला असेल, तर बेल्टची मुदत उलटून गेलेली असते आणि आपण मात्र अजून वेळ आहे म्हणून निर्धास्त असतो. तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. टर्बोचंही, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाचंही, तसंच. ऑइल वेळेवर बदललं नाही तर तो आतून झिजतो, आणि हे टेस्ट ड्राइव्हच्या दहा मिनिटांत कळेलच असं नाही.

आता गाडी कुणाकडून घ्यायची? तीन वाटा आहेत. प्रत्येक वाटेवर लपवाछपवी वेगळी होते, पडताळणीची सोय वेगळी असते आणि फसलात तर दाद मागायची जागाही वेगळी असते.

थेट मालक

पडताळणीसाठी ही सगळ्यात चांगली वाट. मालक सोबत असला की कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन गाडीचा नंबर किंवा चेसिस नंबर टाकून जुनी जॉब कार्डं, म्हणजे प्रत्येक सर्व्हिसच्या कामाची नोंद, बघता येतात. तो तयार असेल तर त्याच्या फास्टॅगचं स्टेटमेंटही बघा. ‘फक्त पुण्यात, रविवारपुरती वापरली’ असं सांगितलेल्या गाडीचा दर आठवड्याला एक्सप्रेसवेचा टोल कापला गेला असेल, तर पुढे बोलायचं कारण नाही. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे काही आकडे टाकले की दंड कुठे आणि कधी झाला हेही दिसतं. वेगमर्यादेची चलनं गाडीच्या फिरण्याबद्दल बरंच सांगून जातात.

मालक सहसा कागद बनवत नाही, तो गोष्टी गाळतो. वॉरंटी संपल्यावर गाडी गल्लीतल्या गॅरेजला गेली, मध्ये एकदा पुढून ठोकली, यातलं काही निघतच नाही. गल्लीतलं गॅरेज म्हणजे वाईट असं मुळीच नाही. चांगला मिस्त्री असेल आणि बिलं असतील, तर त्यालाच फोन लावून विचारावं. बरेच मिस्त्री सरळ सांगून टाकतात.

या वाटेची कमजोर बाजू नंतर कळते. स्वतःची एकच गाडी विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार सहसा बंद असतं. उरतं दिवाणी न्यायालय किंवा पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार. दोन्ही वाटा लांबच्या.

डीलर किंवा एजंट

‘डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड वापर’ हे वाक्य गाड्यांच्या बाजारात फार ऐकू येतं. ते खरं असेलही, पण तो पुरावा नव्हे. आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशी फोनवर बोलणं करून द्या, एवढीच मागणी करावी. टाळाटाळ झाली तर गाडी कितीही आवडली असली तरी निघावं.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घेणं आलं. असा डीलर गाडी ताब्यात घेतल्याचं रीतसर कळवतो आणि मग तोच तिचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक, ठरतो. म्हणून अधिकारपत्र बघायला मागा. ‘पार्क अँड सेल’ची, म्हणजे मालकाने डीलरकडे नुसती विकायला ठेवलेली, गाडी असेल तर विकतंय कोण, डीलर की मूळ मालक, हे पैसे देण्याआधी स्पष्ट करून घ्या. नंतर भांडण झालं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

फसवणूक व्हायचा धोका मला इथेच सगळ्यात जास्त वाटतो. मात्र डीलर व्यवसाय करतो, त्यामुळे ग्राहक आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रारीचं शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची.

सर्टिफाइड गाडी

सर्टिफाइड म्हणजे विकणाऱ्या कंपनीने तपासून, रिपोर्टसह विकलेली गाडी. मारुतीचं ट्रू व्हॅल्यू, ह्युंदाईचं एच प्रॉमिस अशी कार कंपन्यांच्या नावाने चालणारी दुकानं आहेत, शिवाय स्पिनी, कार्स२४ सारख्या ऑनलाइन कंपन्या आहेत. किंमत जास्त असते, पण वॉरंटी लेखी मिळते आणि काही ठिकाणी थोड्या दिवसांत गाडी परत करायची सोयही असते. एक फरक मात्र नीट समजून घ्यावा: तपासणीचा रिपोर्ट गाडीची आजची स्थिती सांगतो, तिचा इतिहास नव्हे. कंपनीच्या दुकानातून त्याच कंपनीची गाडी घेतली तर तिच्या अधिकृत सर्व्हिसच्या नोंदी मिळणं सोपं जातं. तिथेच दुसऱ्या कंपनीची गाडी उभी असेल, तर तो फायदा उरत नाही.

कागद कसे वाचायचे

विकणारा कुणीही असो, फाइल घरी नेऊन उजेडात बघावी. सर्व्हिस बुकात पाच वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच दाबाने लिहिलेल्या दिसल्या तर त्या एका बैठकीत भरल्या असण्याची शक्यता मोठी. बिलाच्या तारखेकडे बघा. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला, त्यामुळे २०१६ च्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी असेल तर ते बिल नंतर छापलेलं आहे. महाराष्ट्रातल्या गॅरेजचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो आणि तो जीएसटी पोर्टलवर टाकून गॅरेजचं नाव जुळतं का बघता येतं.

मग आकडे ओळीने मांडा. २०१८ ची गाडी, २०२१ पर्यंत दरवर्षी बारा-तेरा हजारांनी वाढणारे आकडे, शेवटची नोंद ४१,०००, आणि २०२५ मध्ये मीटर ५२,०००. चार वर्षांत अकरा हजार? घरून काम सुरू झालं असेल, दुसरी गाडी आली असेल, असं होऊ शकतं. पण मग पेडलचं रबर, स्टिअरिंगची कड आणि ड्रायव्हरच्या सीटची बाजू यांनीही तेच सांगायला हवं.

विम्याची जुनी पॉलिसी जरूर मागा. मालक पहिलाच, ‘कधी खरचटलंही नाही’ म्हणतोय आणि नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य, तर क्लेम कशाचा घेतला होता हे विचारा. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, २०२१ चा चिपळूणचा, अशा भागांतली गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गुंडाळलेल्या भागात चिखलाची रेघ राहून गेलेली असते.

मग घ्यायची कुठून?

ओळखीचा मिस्त्री असेल आणि दोन-तीन शनिवार घालवायची तयारी असेल, तर थेट मालक. पहिलीच गाडी असेल, पाठीशी जाणकार नसेल, तर जास्त पैसे मोजून त्याच कंपनीच्या दुकानातली सर्टिफाइड गाडी. डीलरकडे तेव्हाच जावं, जेव्हा तो अधिकारपत्र दाखवतो आणि मूळ मालकाशी बोलणं करून देतो.

कायद्यातली एक अडचण तिन्ही वाटांवर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार चुकीच्या माहितीवर झालेला करार रद्द करता येतो. पण त्यालाच अपवाद आहे: विकणाऱ्याच्या नकळत माहिती चुकली किंवा त्याने लबाडीने मौन पाळलं, आणि साध्या चौकशीने तुम्हाला खरं कळण्यासारखं होतं, तर तो हक्क राहत नाही. जाणूनबुजून ठोकून दिलेल्या खोट्याला हा अपवाद सहसा लागत नाही. म्हणून दावा विकणाऱ्याच्या तोंडी ठेवू नका, तो कागदावर आणा. विसार देताना पावतीवर लिहून सही घ्या: ‘मीटरवरचे किलोमीटर खरे आहेत, सोबत दिलेली सर्व्हिसची बिलं खरी आहेत, गाडी अपघातात किंवा पुरात सापडलेली नाही, यातलं काही खोटं निघाल्यास पूर्ण रक्कम परत देईन.’ छापील पावतीवर ‘आहे त्या स्थितीत विक्री’ अशी ओळ असेल तर ती खोडून तिथेही सही घ्या. सही द्यायला नकार आला, तर विसार देऊ नका.