मेट्रो वन: गाडी झकास, बोंब आहे ती जिना उतरल्यावर

अंधेरी पूर्व, मरोळ, साकीनाका या पट्ट्यात भाड्याने घर बघत असाल तर ब्रोकरला फोन करायच्या आधी हे वाचा, कारण इथे घर घ्यायचं म्हणजे खरं तर मेट्रो स्टेशनच निवडायचं असतं. मुंबईची मेट्रो वन म्हणजे वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किमी, १२ स्टेशनं, जून २०१४ पासून चालू, टोकापासून टोकापर्यंत साधारण २१ मिनिटं. अंधेरी-कुर्ला रोडवर संध्याकाळी सात वाजता एवढ्या वेळात रिक्षा साकीनाक्याचा सिग्नल पार करेल याची पण गॅरंटी नाही. आधी घाटकोपरहून अंधेरीला यायचं तर एक तर बसमध्ये लटका नाहीतर लोकलने दादरला जाऊन गाडी बदला, तो वळसा हिने संपवला आणि यासाठी हिला पैकीच्या पैकी मार्क. अंधेरीत रुळांवरून पूर्व-पश्चिम जोडणारा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केला, पूर्ण सुरू व्हायला मे २०२५ उजाडलं, त्यात अंधेरी सबवेत पाऊस पडला की पाणी, मग पूर्व-पश्चिम करायला हिच्याशिवाय होतं कोण.

तिकीट १० ते ४० रुपये, एसी चांगला, गाड्या पटापट येतात. पण डबे चारच! प्लॅटफॉर्म सहा डब्यांना पुरतील एवढे बांधलेत आणि सकाळी घाटकोपरला रांग बघितली की ती मोकळी जागा डोळ्यात खुपते.

आता जोडण्या पण मस्त झाल्यात. डी.एन. नगरला मेट्रो २ए, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनला गुंदवलीची मेट्रो ७, आणि मरोळ नाक्याला खाली भुयारी ॲक्वा लाईन, तिथून ऑफिसं-कंपन्यांचं सीप्झ दोन स्टेशनं. एअरपोर्ट रोड हे नाव वाचून बॅगा घेऊन तिथेच उतरू नका हां, विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला जायचं तर मरोळ नाक्याला बदला, ॲक्वावर पुढचंच स्टेशन आहे.

खरी रड जिन्याखाली. साकीनाक्याला उतरलात की फुटपाथवर बाइका, टपऱ्या, शेअर रिक्षावाल्यांची ओरड, आणि तुम्ही थेट बसच्या समोर. दुकानदारांचा धंदा या गर्दीवरच चालतो त्यामुळे त्यांना दोष तरी काय देणार, पण चालायला दोन फूट जागा ठेवा ना राव. चकाल्याला त्यामानाने बरं आहे, ऑफिसवाला भाग, रात्री शांत, पण भाडं लगेच वर जातं. असल्फा, जागृती नगर बाजूला घरं स्वस्त मिळतात, फक्त टेकडीवरच्या गल्लीत असेल तर चढ आणि पायऱ्या धरून हिशोब करा, सिलेंडर आणि फ्रिज वर कसा नेणार ते पण विचारा.

जाहिरातीतल्या ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’वर अजिबात जाऊ नका. घर हायवेच्या पलीकडे असेल तर क्रॉस करायलाच तेवढी जातात. रविवारी दुपारी घर दाखवतात तेव्हा सगळं सुनसान असतं, तुम्ही सोमवारी साडेनऊला स्वतः बिल्डिंगच्या गेटपासून प्लॅटफॉर्मपर्यंत चालून बघा. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, वर एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज, एवढे पैसे गेल्यावर कळून काय उपयोग.