अंडं नको, रम चालेल

आमच्या घरात माळ आहे. सासरे वारी करायचे, त्यांच्यामागे ह्यांनी माळ घेतली. तेव्हा 'अहो, येताना रमचा एक खंबा आणा' असं मी ह्यांना सांगण्याचा प्रश्नच येत नाही. आणि माझा धंदा केकचा. छत्रपती संभाजीनगरला, सिडकोत घरातच ओव्हन लावून बरीच वर्षं केक करते. दिवाळी सरली की प्लम केकच्या ऑर्डरी सुरू होतात आणि त्यातल्या कित्येक बायकांची फर्माईश एकच असते, "अंडं घालू नका हं, आमच्यात चालत नाही. पण रमवालाच द्या." पूर्वी मला ह्याचं हसू यायचं. आता मी नुसती वहीत लिहून घेते.

त्या केकसाठी दसऱ्याच्या आसपासच काळ्या मनुका, बेदाणे, चेरी, संत्र्याची साल असा सगळा ऐवज बरणीत भरून रममध्ये बुडवून ठेवावा लागतो. शिवाय मी स्वतः रविवारी संध्याकाळी ग्लासभर वाइन घेते. ह्यांना ते माहीत आहे, त्यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. सांगायचा मुद्दा, घरात दारू लागते आणि आणणारी मी एकटी. म्हणून ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या एका वाइन शॉपबद्दल हे लिहितेय.

आमच्याकडच्या वाइन शॉपचं चित्र वेगळं सांगायला नको. लोखंडी जाळी, तिच्यात हात जाईल एवढी फट, गाडी चालूच ठेवून ओरडणारी पोरं, "दोन क्वार्टर, एक पाणी, लवकर!" तिथं बाई उभी राहिली की गर्दी एकदम सभ्य होते आणि मला तेच जास्त नकोसं वाटतं. सगळे बाजूला सरकून वाट देतात आणि मग बघत बसतात. परभणीची बहीण म्हणते, "काऊन गं, तिथं कुणी खायलंय का तुला?" पण ती स्वतः परभणीत त्या जाळीपुढे कधी उभी राहिलेली नाही, हेही लिहून ठेवते.

म्हणून ह्या दुकानाची वेबसाइट सापडली तेव्हा बरं वाटलं. दुकानाचं नाव देत नाही. खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला पुढेही माल तिथूनच घ्यायचाय.

आधी हे सांगते की हे लोक घरपोच देत नाहीत. २०२० च्या मेमध्ये टाळेबंदीत राज्य सरकारने परवानाधारक दुकानांना घरपोच विक्रीची मुभा दिली होती, एका पोऱ्याजवळ एका वेळी २४ पेक्षा जास्त बाटल्या नकोत वगैरे नियम लावून. त्या काळात दुकानाने व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आणि पुढे त्याचीच ही वेबसाइट झाली, असं मालक सांगतात. आता ऑर्डर वेबसाइटवर टाकायची आणि माल आपण जाऊन उचलायचा. माझी भाची कोलकात्यात असते, तिला बीअर दारात मिळते आणि त्याचं ती मला सारखं ऐकवते. स्विगी-झोमॅटोने २०२० मध्येच आधी रांचीत आणि मग ओडिशा-बंगालमध्ये हा धंदा सुरू केला. आमच्याकडे त्याच अॅपवर नान खलिया येतो, बाटली येत नाही.

तरी ही सोय मला पुरते, त्याचं कारण बाजूची खिडकी. ऑनलाइनवाल्यांसाठी दुकानाच्या कडेला, गल्लीच्या बाजूने वेगळी खिडकी केली आहे. मोबाइलवर टोकन नंबर येतो, तो दाखवायचा, कागदी पिशवी घ्यायची आणि निघायचं. तिथला पोरगा 'ताई' म्हणतो आणि पिशवीत काय आहे ते मोठ्याने वाचून दाखवत नाही. त्याला हे कुणी शिकवलं असेल तर मालकाला पैकीच्या पैकी मार्क. त्या खिडकीवर मला इतर बायकाही भेटल्या आहेत. एकमेकींकडे बघून आम्ही भाजीवाल्याकडे भेटल्यासारखं हसतो.

वेबसाइट उघडली की पहिल्यांदा जन्मतारीख विचारते. बीअर आणि वाइनला २१ पूर्ण लागतात, रम-व्हिस्कीला २५. एकविसाच्या आतली तारीख टाकली तर पुढचं पानच उघडत नाही. पण तारीख खोटी टाकायला काय लागतं? खरी पारख खिडकीवर होते आणि पोरगा ती करतो, हे मी पाहिलंय. कॉलेजातल्या दोघांना त्याने "आधार दाखव" म्हणून परत पाठवलं. त्यांनी बरीच घासाघीस केली, ह्याने दाद दिली नाही.

मग परमिट. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि त्याच्याखाली दारू विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो. दुकानात जाळीपुढे उभ्या राहिलेल्या शंभरातल्या किती जणांच्या खिशात तो असतो, ते आपण सगळे जाणतो. विदेशी मद्याचं (इथे बनणारी रम-व्हिस्कीही त्यातच धरतात) एका दिवसाचं परमिट ५ रुपयांचं, वर्षाचं १०० चं आणि कायमचं १,००० चं. ह्या वेबसाइटवर परमिट नंबरची चौकट आहे. ती रिकामी सोडली तर बिलात ५ रुपये आपोआप चढतात आणि पिशवीत तो कागद खरोखर येतो. मी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून स्वतःच्या नावाचं कायमचं काढून घेतलंय. फोटो, आधार, पैसे, झालं. धंद्यासाठी बाटल्या आणते, वाटेत पोलिसाने डिकी उघडायला लावली तर कागद माझ्या नावाचा असावा, एवढाच हिशेब. आमच्या घरात दोन दाखले आहेत म्हणा, ह्यांच्या गळ्यात एक आणि माझ्या पर्समध्ये एक.

आता तक्रारी.

साइटवर जे दिसतं ते दुकानात असतंच असं नाही. सप्टेंबरअखेर मी काळी रम टाकली, ७५० चे चार खंबे. टोकन आलं, पैसे गेले. खिडकीवर गेले तर पिशवीत दोन काळे, दोन पांढरे. "खंबा संपलाय ओ ताई, म्हणून व्हाइट टाकली. रम ती रमच की." नाही रे बाबा. पांढऱ्या रममध्ये मनुका भिजवल्या तर केकला ना तो रंग येत, ना ती जळक्या गुळासारखी चव. त्याने मुकाट्याने पांढरे परत घेतले आणि काळ्याचे हाफ दिले, म्हणजे वागणूक चांगली. पण ऑर्डर टाकताना 'बदली माल नको' असं सांगायची सोयच साइटवर नाही. एक चौकट टाकायला कितीसा खर्च येतो?

दुसरं, ड्राय डेचं ह्यांच्या साइटला पत्ताच नसतो. २ ऑक्टोबरची उचल साइटने आनंदाने नोंदवली. त्या दिवशी फोन आला, "ताई, उद्या या." मी त्यावर वेळ घालवला नाही, पण परगावाहून कुणी येणार असेल तर त्याने काय करायचं? आषाढी एकादशी, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, निवडणुकीआधीचे दिवस हे सगळं आधीच जाहीर असतं. पंचांगाइतकं सोपं काम आहे.

बीअरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती चांगली मिळते, ताजी मिळते. बाटलीवरची तारीख मी बघतेच आणि सहसा ती महिन्या-दीड महिन्याच्या आतली असते. ह्यात दुकानाचं कर्तृत्व कमी आणि वाळूजचं जास्त. बीअरचे मोठे कारखाने आपल्याच एमआयडीसीत आहेत. म्हणजे आपल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं तरी जायकवाडीचं पाणी थंडगार बाटलीतून आपल्यापर्यंत पोचतंच. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या उन्हाळ्यात, उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली होती. त्या उन्हाळ्याची आठवण झाली की माझा हात बीअरच्या ऑर्डरवर जरा अडखळतो. मग येतो मे महिना आणि अडखळत नाही.

वाइनचं मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण इथे दुकान सपशेल नापास आहे.

नाशिकची वाइन. द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात, आणि नाशिक आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत. म्हणजे माल लांबून येतो, वाटेत बिघडतो, अशी सबब चालणार नाही. बिघडतो तो दुकानात. ह्यांचं वाइनचं काचेचं कपाट रस्त्याच्या बाजूला आहे, तोंड पश्चिमेला. दुपारनंतर ऊन थेट बाटल्यांवर, वर दिव्यांची माळ. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि रात्री शटर बंद झाल्यावर आत भट्टी. वाइनला पंधरा-सोळा अंश लागतात. व्हिस्की-रमला ह्या उष्णतेने फारसं काही होत नाही, त्यांत अल्कोहोल ४२.८ टक्के. वाइनमध्ये असतं बारा-तेराच्या घरात, आणि ती शिजते.

मागच्या मेमध्ये एका चांगल्या लाल वाइनच्या दोन बाटल्या मागवल्या, बुचाच्या. पहिलीचं बूच काठाच्या वर आलेलं, सीलखाली चिकट ओघळ. उघडली तर फळाचा वास कुठेच नाही, उकळलेल्या मनुकांचा वास आणि शेवटाला आंबट. मी मनुका शिजवते, मला तो वास झोपेतही ओळखता येतो. दुकानात गेले तर उत्तर तयार होतं, उघडलेली बाटली परत घेत नाही. बरं, न उघडलेली दुसरी पुढे ठेवली. तिचंही बूच वर आलेलं. मालकांनी बोट फिरवून पाहिलं, वासही घेतला आणि ती बदलून दिली. बदललेली बाटली कुठली? त्याच कपाटातली. मी घेतली नाही, त्याबदली बीअर घेतली.

तेव्हापासून माझा नियम असा, की उन्हाळ्यात ह्यांच्याकडून वाइन नाही, आणि एरवी घेतली तर फिरकीच्या झाकणाची, तीही पांढरी असेल तर वर्षा-दोन वर्षांच्या आतली. लेबलवरचं साल साइटवर दिसत नाही. खिडकीवरच्या पोराला बाटली हातात घेऊन वाचायला सांगा, तो वाचतो. २७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. केवढा गहजब झाला आणि ते तिथेच राहिलं. नीतीच्या बाजूने भांडणाऱ्यांचं मी समजू शकते. मला एवढंच दिसतं की सुपरमार्केटात एसी असतो.

किमतीबद्दल साइट सरळ आहे. छापील किंमत, वर एक रुपया नाही, पिशवीचे पैसे वेगळे आणि ते आधी दाखवतात. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, १८० मिलीची क्वार्टर किमान २०५ रुपयांना झाली. बीअर आणि वाइन त्यातून सुटली, माझी रम सुटली नाही. केकचे भाव मला तेव्हाच वाढवावे लागले आणि एगलेस-रमवाल्या बायका कुरकुरल्या. त्या काळात ह्या साइटवर जुने आणि नवे दर सरमिसळ होते, पण बिल बाटलीवर छापलेल्या आकड्याप्रमाणेच केलं.

भाव वाढल्यापासून फोनवर 'मिल्ट्रीची रम', 'गोव्याचा माल, अर्ध्या किमतीत' असे मेसेज येतात. आपल्या शहरात छावणी आहे म्हणून पहिल्यावर लोकांचा पटकन विश्वास बसतो. बाटलीवर 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' असं छापलेलं नसेल तर ती घरात आणू नका, आत काय भरलंय ते देव जाणे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ह्याच दुकानाच्या नावाने नकाशावर एक खोटा नंबर फिरत होता. दुकानाचा खरा फोटो, खरा पत्ता, फोन मात्र भलत्याचाच. आमच्या कॉलनीतल्या एकांनी तिथे फोन केला. 'घरपोच देतो, आधी पैसे टाका', मग 'पडताळणीसाठी क्यूआर स्कॅन करा', मग ओटीपी, आणि खातं साफ. बिचारे पोलिसांत जायला लाजत होते, दारूचं प्रकरण म्हणून. मीच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. ह्या दुकानाची साधी ओळख लक्षात ठेवा, घरपोचचं नाव काढलं की तो दुकानवाला नाहीच. खरी साइट पैसे काउंटरवर द्यायचा पर्यायही देते, मी आता तोच निवडते.

नाताळ जवळ आला की साइट रांगते. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला दुकान उशिरापर्यंत उघडं असतं, पण बाजूची खिडकी दहालाच बंद होते आणि टोकनवाल्यांना जाळीपुढे पाठवतात. म्हणजे जिच्यासाठी ऑनलाइन ऑर्डर टाकली तीच सोय गेली. त्या आठवड्यात दुपारी बाराच्या आत उचल ठेवा.

पाचपैकी साडेतीन. रमसाठी चार, बीअरसाठी चार, वाइनसाठी एक. मालक म्हणाले की मागच्या खोलीत एसी लावून वाइन तिकडे हलवतो. उन्हाळ्याआधी लावला तर वाइनचे मार्क बदलून टाकेन.