जुनी पेटी, नवा साप: काही महिन्यांच्या वापरानंतर

नव्या कॉर्न स्नेकसाठी (पाळला जाणारा बिनविषारी साप) आधीच्या सापाचंच सामान वापरायला काढलं: काचेची पेटी, लपायच्या गुहा, पाण्याचं भांडं, थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रक). आता साप चांगला रुळलाय, वेळेवर खातोय, कात अखंड टाकतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

जुनं सामान वापरावं की नाही, हे आधीचा साप कशाने गेला यावर ठरतं. आमचा म्हातारपणी गेला, तरी पशुवैद्यांकडून शवविच्छेदन करून घेतलं होतं. संसर्ग निघाला नाही म्हणूनच सामान ठेवलं. साप खाल्लेलं ओकत असेल, पोटाकडचा भाग सुजला असेल किंवा मरणाचं कारणच कळलं नसेल, तर मी काहीही वापरणार नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी घरगुती ब्लीचला दाद देत नाही. पेटी कितीही चकचकीत दिसली तरी तो आत राहू शकतो.

काच आणि चिनी मातीचं भांडं यांना दहापैकी दहा. आधी साबणाच्या पाण्याने घासून घाण पूर्ण काढायची, कारण विष्ठेचा थर राहिला तर ब्लीचचा जोर तिथेच संपतो. मग 1 भाग ब्लीच, 9 भाग पाणी, आणि पृष्ठभाग 10 मिनिटं ओला ठेवायचा. त्यानंतर वास पूर्ण जाईपर्यंत धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. फिनाइलसारखी फिनॉलवाली जंतुनाशकंही सापाच्या पेटीजवळ नकोत.

सर्वात जास्त वेळ गेला तो सिलिकॉनच्या सांध्यांवर. मागच्या कोपऱ्यात ते किंचित सुटलं होतं. टॉर्च धरून पाहिलं तर त्या फटीत जुन्या भुश्याचे कण आणि कातीचा पापुद्रा अडकलेला. सापाच्या अंगावरचे माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) अंडी घालतात ते अशाच फटींत. तेवढं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढलं आणि बुरशीनाशक न मिसळलेलं, मत्स्यालयाचं सिलिकॉन भरलं. ते पूर्ण सुकेपर्यंत पेटी रिकामीच ठेवली.

प्लास्टिकच्या गुहा टिकल्या, पण ओरखडे पडलेली एक टाकली. कॉर्कची साल आणि फांद्या सरसकट बाद. लाकूड भाजून घेतात हे मला माहीत आहे, पण जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचली की नाही याची खात्री कोण देणार? उरलेला भुसा तर प्रश्नच नाही, कचऱ्यात.

हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेवरची चटई) नवीनच घेतली. जुनीवर घडी पडलेल्या जागी तपकिरी डाग दिसत होता, म्हणजे तिथे ती जास्त तापत होती. थर्मोस्टॅट मात्र जुनाच वापरात आहे. साप आणण्याआधी काही दिवस रिकाम्या पेटीत चालवून वेगळ्या थर्मामीटरने पडताळला. उबदार बाजू 29 ते 31 अंश सेल्सिअसमध्ये राहते. आकड्यापेक्षा थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) जागचा हलला नाही ना, हे मी जास्त वेळा बघते.

सुरुवातीला तळाशी फक्त पांढरा टिश्यू पेपर अंथरला होता. त्यावर माइट्सचे काळे ठिपके फिरताना लगेच दिसतात, विष्ठाही तपासणीला नेता येते. पशुवैद्यांनी विष्ठेचा अहवाल ठीक असल्याचं सांगितल्यावरच भुसा घातला.